महागावच्या रानातली पारध

पैनगंगेच्या उत्तरेला, पूस नदीच्या खोऱ्यात वसलेला महागाव परिसर १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्याच्या पुसद तालुक्यात मोडत असे. त्या वर्षीच्या फेररचनेत पुसद तालुका यवतमाळला जोडला गेला. आंध, गोंड, कोलाम आणि फासेपारधी यांच्या या मुलखात रानडुक्कर, काळवीट, रोही, ससा आणि तितर हे सावज होते.

पारध्याचे कौशल्य फासात होते. दोरीला ओळीने बांधलेले फास वाटेवर मांडायचे, शिकवलेल्या बैलाच्या आडून कळपाच्या जवळ जायचे आणि कळप फासांकडे वळवायचा. फासात जनावर जिवंत सापडते. पारधी जवळच असला तर जनावराची तडफड लवकर संपते. मांडून सोडून दिलेला फास मात्र क्रूर ठरतो. बंदुकीच्या शिकारीतही निकष हाच: घायाळ जनावराचा रक्ताच्या थेंबांवरून माग काढून त्याचा शेवट करणे ही शिकाऱ्याची पहिली जबाबदारी.

मारल्यावर घाई उन्हाची. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि मेलेल्या जनावराच्या अंगची ऊब आतड्यांतल्या जंतूंना पोसते. म्हणून आधी रक्त वाहू द्यायचे, मग पोटावर उथळ चीर देऊन आतडी व मूत्राशय न फाटता कोथळा बाहेर काढायचा. सुरीचे टोक खोल गेले की घाण मांसाला लागते. मग धड सावलीत टांगून हवा लागू द्यायची. तोवर कातडे अंगावर राहिले तर माश्या आणि धूळ दूर राहतात, पण ऊबही कोंडते, त्यामुळे कडक उन्हाळ्यात सोलायला उशीर चालत नाही.

डुकराची रीत वेगळी. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात ती सविस्तर आली आहे: डुकराचे अंग पांढऱ्या कापडाने झाकून त्यावर कढत पाणी ओतायचे, केस सैल झाले की हाताने उपटायचे, किंवा अंगाला माती लिंपून गवताच्या आगीत केस जाळायचे. राजाच्या मुदपाकखान्याने नोंदवलेली ही विद्या मूळची रानातल्या माणसांची असावी, असे मानायला जागा आहे, कारण आग आणि गवत तिथे हाताशीच असते.

१८७१पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली पारध्यांवर देशात अनेक ठिकाणी पाळत बसली. ते कायदे १९५२ मध्ये संपले, पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील नंतरच्या दुरुस्त्यांनी पारधच बेकायदा ठरवली. प्राण्यांसाठी हा कायदा गरजेचा होता. ज्यांचे पोट पारधीवर होते त्यांना मात्र दुसरा धंदा तेवढ्या लवकर मिळाला नाही. आज पिकांची नासाडी करणारे रानडुक्कर परवानगीने मारता येते, तरी कलम ३९ नुसार मारलेले जनावर सरकारी मालमत्ता असते. कुंपणात चोरून सोडलेल्या विजेने होणारी शिकार तर फासाहूनही आंधळी. त्या तारेवर डुक्कर, वाघ आणि माणूस सारखेच मरतात.