कादंबरीच्या वाटेने आलेली परिभाषा

इचलकरंजी जहागिरीतील एक महाल म्हणून ज्याचे दप्तर पिढ्यान्‌पिढ्या मोडीत लिहिले गेले, ते आजरा १९४९ साली कोल्हापूर संस्थानाबरोबर मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे महाराष्ट्राची स्थापना झाली, १९६० सालीच निघालेल्या भाषा संचालनालयाने निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषाकोश सिद्ध केले, आणि त्यांतील संज्ञा आजऱ्यासारख्या तालुक्यांच्या शाळांपर्यंत पोहोचल्या. परंतु संज्ञा कोशात सिद्ध होणे आणि ती विद्यार्थ्याच्या मुखी रुळणे, यांत फार अंतर असते. ते तोडण्याचे काम मराठीत विज्ञानकथेने निष्ठेने केले आहे.

त्या कार्याची परंपरा जुनी आहे. 'केरळ कोकिळ' मासिकाने १९०० साली ज्यूल व्हर्नची चंद्रसफर मराठीत आणली, पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नला मुलांच्या हाती दिले. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठविली व तिला प्रथम पारितोषिक मिळाले. ज्योतिर्विदांच्या चर्चेतली ती संज्ञा अशा रीतीने कथेचे शीर्षक होऊन सामान्य वाचकाच्या ओळखीची झाली.

नारळीकरांचीच 'वामन परत न आला' ही कादंबरी पाहावी. भूगर्भात सापडलेल्या पेटीतून एका लुप्त, प्रगत संस्कृतीचे ज्ञान हाती येते आणि त्याच्या आधारे 'वामन' नावाचा यंत्रमानव घडविला जातो. येथे 'यंत्रमानव' या शब्दाची व्याख्या पाठ करावी लागत नाही. तो काय जाणतो, काय ठरवितो, आणि आपल्यासारखे आणखी यंत्रमानव निर्माण करू लागल्यास मनुष्यजातीवर कोणते संकट ओढवेल, हे उत्कंठेने वाचता वाचताच अर्थ मनात ठसतो. आणि बटु वामनाची तीन पावले ज्याने कीर्तनात ऐकलेली आहेत, त्याला त्या नावातली सूचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

'मृत्युंजय'कार शिवाजी सावंतांच्या जन्मगावी, म्हणजे आजऱ्यात, पुराणकथा आणि कादंबरी यांचे नाते नव्याने सांगण्याची गरज नाही, आणि श्रीमंत गंगामाई वाचन मंदिरासारखी संस्थाही येथे आहे. म्हणून विज्ञानशिक्षकाने फळ्यावर व्याख्या लिहिण्यापूर्वी अशा कादंबरीचे एखादे प्रकरण वर्गात वाचावे, अडलेल्या संज्ञांचा अर्थ विद्यार्थ्यांनाच संदर्भावरून लावू द्यावा, आणि मगच कोश उघडावा. कारण जिज्ञासा जागृत झाल्यावर भेटलेली व्याख्या विद्यार्थी आपण होऊन जतन करतो, आणि परिभाषा परकी वाटेनाशी झाली की शास्त्रही परके राहत नाही.