एंडोमेट्रिऑसिसमध्ये काहींना गोळ्या लागू का पडत नाहीत?

एंडोमेट्रिऑसिस या आजारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते. ती अंडाशयावर, ओटीपोटात किंवा आतड्यांवरही आढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात १९ कोटी स्त्रिया व मुलींना हा आजार आहे. ‘पाळीत दुखणारच’ असे म्हणून वेदना अंगावर काढल्या जातात आणि निदानाला अनेकदा वर्षे लागतात.

गोळ्या कशा काम करतात?

इस्ट्रोजेनमुळे ही ऊती वाढते, तर प्रोजेस्टेरॉन तिला आवर घालते. म्हणून डायनोजेस्टसारखी, प्रोजेस्टेरॉनप्रमाणे काम करणारी औषधे दिली जातात. अनेकींना त्यांनी आराम पडतो, पण काहींना पडत नाही. संप्रेरकाचा संदेश पेशीला मिळण्यासाठी पेशीत त्याचा ‘ग्राही’ (रिसेप्टर) असावा लागतो. ग्राहीच कमी असतील, तर औषध पोहोचूनही परिणाम कमी होतो. याला ‘प्रोजेस्टेरॉन प्रतिरोध’ म्हणतात.

ग्राही कमी का होतात?

जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटले की ते जनुक बहुधा शांत होते. ते निघाले की सक्रिय होऊ शकते. यात डीएनएचा मूळ मजकूर बदलत नाही. अशा बदलांना एपिजेनेटिक बदल म्हणतात.

२००६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना या ऊतीत प्रोजेस्टेरॉनच्या ‘बी’ ग्राहीच्या जनुकावर जास्त मिथाइल गट आढळले. २००७ मध्ये शिकागोतील सर्दार बुलुन यांच्या गटाला इस्ट्रोजेनच्या ‘बीटा’ ग्राहीच्या जनुकावर ते कमी आढळले. त्यामुळे बीटा ग्राही खूप वाढतो, ‘अल्फा’ ग्राहीला दाबतो आणि प्रोजेस्टेरॉनचे ग्राही आणखी घटतात, असे हा गट मांडतो.

यावर उपाय आहे का?

हे बदल उलटवता येण्याजोगे असल्याने संशोधकांना आशा वाटते. मात्र मिथाइल गट काढणारी औषधे शरीरातील इतर जनुकांवरही परिणाम करतात, त्यामुळे ती या आजारासाठी वापरात नाहीत. भारतीय स्त्रियांमधील आजाराचा अभ्यास मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत होत आहे.

काय लक्षात ठेवावे?

गोळ्यांनी फरक पडला नाही, म्हणजे वेदना खोटी असे नाही. साधी सोनोग्राफी नॉर्मल आली तरी आजार असू शकतो. पाळीच्या दिवसांत कॉलेज किंवा काम बुडत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे. गोळ्या परस्पर बंद करू नयेत. आराम नसल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. दुसरी औषधे आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया हे पर्याय आहेत.