चढणीच्या माशांची मोजदाद

मृगाचा पहिला मोठा पाऊस होऊन ओढ्यानाल्यांस तांबडें पाणी आलें, कीं कोल्हापूरच्या पश्चिमेकडील राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या भागांत लोक कंदील व बॅटऱ्या घेऊन रात्रीं बाहेर पडतात. उन्हाळाभर डोहांत राहिलेले मासे या वेळीं प्रवाहाच्या उलट चढूं लागतात. नदींतून ओढ्यांत, ओढ्यांतून चरींत आणि चरींतून भाताच्या खाचरांत. यांसच चढणीचे मासे म्हणतात. त्यांच्या पोटांत अंडीं असतात, आणि तीं घालण्याजोगें उथळ पाणी शोधणें हाच या प्रवासाचा हेतु असतो. हे मासे चवीला उत्तम अशी ख्याति असल्यामुळें चढण लागल्याची वार्ता गांवांत लपून राहत नाहीं. परंतु या प्रवासाला एक उत्तरार्धहि आहे, आणि त्याची वार्ता कोणी सांगत नाहीं. भाद्रपद-आश्विनांत पाणी ओसरूं लागलें म्हणजे बोटाएवढीं पिलें त्याच वाटेनें नदीकडे परतूं लागतात. तीं किती निघालीं, किती पोंचलीं आणि वाटेंत किती मेलीं, याचा हिशेब ठेवण्याची आपल्याकडे चाल नाहीं. हा न ठेविलेला हिशेब हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

पाश्चात्त्य देशांत ही चाल जुनी आहे. तेथील सॅमन मासा डोंगरांतल्या लहान ओढ्यांत जन्मतो, कांहीं काळ तेथेंच वाढतो, अंग रुपेरी झालें म्हणजे समुद्राकडे निघतो, आणि मोठा होऊन बहुधा आपल्या जन्माच्या ओढ्यासच परत येतो. सतराव्या शतकांतील इंग्रज ग्रंथकार आयझॅक वॉल्टन यानें आपल्या मासेमारीवरील प्रसिद्ध पुस्तकांत, समुद्राकडे निघालेल्या पिलांच्या शेपटीस फीत बांधून तींच पुढें परत आलेलीं ओळखण्याचा प्रयोग नमूद केला आहे. आजची पद्धति सूक्ष्म झाली असली तरी तिचें मूळ तत्त्व तेंच आहे. ओढ्याच्या खालच्या अंगास, पाण्याच्या जोरानें फिरणारा पिंपासारखा सापळा ठेवितात. त्यांत आलेल्या पिलांची लांबी व वजन घेऊन, कांहींच्या पोटांत तांदळाच्या दाण्याएवढी खुणेची कुपी घालतात आणि त्यांस पुढें सोडून देतात. खालच्या धरणावरील यंत्राजवळून तें पिलूं गेलें, कीं यंत्र ती खूण वाचतें.

सापळ्यांत सर्वच पिलें सांपडत नाहींत, मग एकूण संख्या कशी कळते, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. त्याची युक्ति साधी आहे. खूण केलेलीं शंभर पिलें सापळ्याच्या वरच्या बाजूस नेऊन सोडावयाचीं. त्यांपैकीं दहा पुनः सांपडलीं, तर सापळा दहांत एक पकडतो असें ठरतें. मग त्या दिवशीं सांपडलेल्या पिलांस दहांनीं गुणलें म्हणजे झालें. अमेरिकेंतील कोलंबिया नदीवरील बॉनव्हिल धरण १९३८ सालीं सुरू झालें, तेव्हां माशांना वर चढण्यासाठीं त्यास पायऱ्यांच्या वाटा ठेविल्या होत्या, आणि त्या वाटेनें जाणारे मासे मोजण्याची तेव्हांपासून सुरू झालेली रीत अद्याप चालू आहे. धरणानें माशांचें किती नुकसान केलें, यावर तेथें कडाक्याचे वाद झाले. परंतु ते वाद आंकड्यांवर झाले, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे.

आपल्याकडे सॅमन नाहीं. मुंबईच्या बाजारांत रावसास इंग्रजींत ‘इंडियन सॅमन’ म्हणतात खरें, पण त्या दोघांत नातें नाहीं. चढण्याच्या बाबतींत सॅमनशीं तुलना करावयाची तर ती कृष्णेच्या खोऱ्यांतील खडस अथवा महाशीर या माशाशींच केली पाहिजे. आणि इंग्रज शिकाऱ्यांनीं ती वारंवार केलीहि. हा समुद्रास जात नाहीं. पण पावसाळ्यांत जोराच्या पाण्यावर चढून दगडगोट्यांच्या स्वच्छ पात्रांत अंडीं घालतो.

या माशांचा आपल्याकडील लेखी इतिहास कर्नल विल्यम हेन्री साइक्स याच्यापासून सुरू होतो, असें म्हणावयास हरकत नाहीं. एल्फिन्स्टन साहेबांनीं १८२४ सालीं त्याची मुंबई सरकारचा माहिती-संग्राहक म्हणून नेमणूक केली. लोकसंख्या, पिकें, पाऊस यांचे आंकडे गोळा करीत हा गृहस्थ दख्खनभर हिंडला, आणि जातां जातां त्यानें भीमा व तिच्या उपनद्यांतील माशांचींहि चित्रें व वर्णनें तयार केलीं. तीं १८३९ ते १८४१ या काळांत लंडनमध्यें प्रसिद्ध झालीं. विशेष हें, कीं नव्या जातींस लॅटिन नांवें देतांना त्यानें पुष्कळ ठिकाणीं इथल्या मासेमारांच्या तोंडचे शब्दच घेतले. खुद्री, कोळस, मुसल्ला, नुक्ता हे शब्द अशा रीतीनें जगाच्या शास्त्रांत जाऊन बसले. ज्यांनीं हीं नांवें सांगितलीं त्या भोई-कोळ्यांचीं नांवें मात्र कोठें नोंदलेलीं नाहींत.

पुढें फ्रान्सिस डे या वैद्यकी पेशाच्या अधिकाऱ्यानें १८७३ सालीं हिंदुस्थान व ब्रह्मदेश यांतील गोड्या पाण्याच्या माशांविषयीं सरकारास अहवाल दिला. त्याची तक्रार आपल्या विषयास थेट लागू पडणारी आहे. नदीवरील बांधांमुळें अंडीं घालण्यास निघालेले मासे अडतात, आणि पाणी ओसरतांना शेताच्या तोंडाशीं लावलेले बारीक सापळे पिलांचा सरसकट संहार करितात, असें त्यानें सरकारच्या नजरेस आणिलें. सुरुंग व विष यांनीं मासे मारण्यास बंदी करणारा कायदा १८९७ सालीं झाला. खुद्द कोल्हापूरच्या माशांची यादी कळावर व केळकर यांनीं १९५६ सालीं मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केली. हीं सर्व कामें मोलाचीं आहेत. तथापि यादी म्हणजे मोजदाद नव्हे. कोणकोण घरांत राहतात हें यादी सांगते. घर वाढतें आहे कीं बुडतें आहे, हें ती सांगत नाहीं.

या अवधींत नद्यांचें रूप पालटलें. शाहू महाराजांनीं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचें काम हातीं घेतलें. तें त्यांच्या हयातींत पुरें झालें नाहीं. स्वातंत्र्यानंतर पूर्णतेस गेलें. या धरणानें व पुढील योजनांनीं करवीरच्या शेतीचें भाग्य उघडलें, याविषयीं दुमत नाहीं. मात्र भोगावतीच्या उगमाकडील पाणी खालच्या माशांस तेथून पुढें बंद झालें.

परंतु कोल्हापूरनें दुसराहि एक नमुना देशास दिला आहे, तो म्हणजे कोल्हापुरी बंधारा. पाऊस सरल्यावर दगडी खांबांच्या खांचांत दुहेरी बरगे बसवून मध्यें माती भरावयाची, आणि पुढचा पाऊस येण्यापूर्वीं ते काढून घ्यावयाचे, अशी याची रचना. पूर व गाळ निघून जावा एवढाच तिचा हेतु. तरी जेव्हां मासे चढतात नेमकें तेव्हांच हा बंधारा उघडा असतो, हा माशांना न मागतां मिळालेला लाभ होय. पिलांचें मात्र तसें नाहीं. त्यांची परतण्याची वेळ आणि बरगे बसविण्याची वेळ एकमेकींच्या जवळ येतात. बरगे पंधरा दिवस उशिरां बसविल्यास किती पिलें तरतील, आणि त्यापायीं किती पाणी हातचें जाईल, हा प्रश्न तर्कानें सुटणारा नाहीं; तो मोजूनच सोडविला पाहिजे.

मोजल्यावांचून केलेलें सत्कार्यहि कसें अंगलट येतें, याचें उदाहरण महाशीरानेंच दिलें आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या वीज कंपनीनें १९७० नंतरच्या दशकांत या माशाची कृत्रिम पैदास यशस्वी केली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्या अभ्यासाचा तीस आधार होता. नामशेष होऊं पाहणारा मासा वांचवावा या शुद्ध हेतूनें तें बीज दूरदूर पाठविण्यांत आलें. तें कावेरींतहि गेलें. तेथें कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला प्रचंड महाशीर होता. कांहीं वर्षांत दख्खनचा पाहुणा वाढला आणि घरधनी मागें हटला. हें उघडकीस आलें, तें गळ टाकणाऱ्या हौशी लोकांनीं, पकडून परत सोडलेल्या माशांच्या नोंदी जपून ठेविल्या होत्या म्हणून. कावेरीच्या त्या माशाचें शास्त्रीय नांव २०१८ सालीं निश्चित झालें, आणि त्याच वर्षीं त्याची गणना अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांत झाली. नामकरण आणि धोक्याची सूचना एकाच वर्षीं व्हावी, यापेक्षां मोजदादीच्या अभावाचा दुसरा पुरावा कोणता द्यावयाचा?

कोल्हापूरकरांस मोजण्याची संवय नाहीं असें मुळींच नाहीं. पावसाळ्यांत कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी फूट-इंचांत पाहिली जाते. ३९ फुटांस इशारा आणि ४३ फुटांस धोका, हे आंकडे येथील शाळकरी मुलांसहि पाठ असतात. २०१९ व २०२१ च्या महापुरांत ती पातळी ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हां सारें शहर त्या एका आंकड्याकडे डोळे लावून बसलें होतें. नदी आपल्या दारांत येते म्हणून आपण तिचें पाणी मोजतों. तिच्यांतले मासे आपल्या दारांत येत नाहींत. ते आपल्या दृष्टीस पडतात ते उन्हाळ्यांत दूषित पाण्यानें मरून बंधाऱ्याशीं तरंगूं लागतात तेव्हां; आणि मेलेल्यांची गणना करून जिवंतांचा अंदाज बांधतां येत नाहीं.

यासाठीं फार मोठ्या खर्चाची आवश्यकता आहे असें नाहीं. प्रयाग-चिखलीच्या वर कासारी, कुंभी व तुळशी यांचीं पात्रें लहान आहेत. बरगे बसण्यापूर्वींच्या महिन्यांत, एखाद्या ओढ्याच्या तोंडाशीं बारीक जाळ्याचा सापळा लावून, महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं रोज सकाळीं पिलें मोजून सोडून द्यावीं. आणि हें काम भोई समाजांतील जाणत्या माणसांस सोबत घेऊन करावें. साइक्सनें त्यांच्याकडून नांवें घेतलीं, पण त्यांचीं नांवें लिहिलीं नाहींत. या खेपेस वहींत पहिली ओळ त्यांच्याच नांवाची असावी, आणि दुसरीपासून पिलांची संख्या सुरू व्हावी.