मांडलेलें न मोडतां

सिन्नर ही यादवांची आरंभींची राजधानी. तेथील गोंदेश्वराचें देऊळ पंचायतन आहे: एकाच जोत्यावर मध्यें शिवाचें मुख्य मंदिर व चार कोपऱ्यांस चार लहान देवळें. अशा रचनेंत एक देऊळ चार हात सरकविलें तरी साऱ्यांचीं अंतरें बिघडतात; म्हणून स्थपतीस सारें पायाभरणीपूर्वींच ठरवावें लागतें. संगणकाच्या चिपची आंखणी करणारांस ही सोय नाहीं. मांडणी पुरी होत आली असतांहि त्यांस ती बदलावी लागते. हा बदल करण्याच्या रीतींचा इतिहास आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

१९५८ सालीं जॅक किल्बी यांनीं एकाच अर्धवाहक तुकड्यावर अनेक घटक बसवून दाखविले. पुढें घटकांची संख्या लाखोंवर व नंतर अब्जांवर गेली. प्रत्येकास जागा देणें, तारा आंखूड राखणें आणि संकेत वेळेंत पोहोंचविणें हातानें अशक्य झालें. १९७० सालीं कर्निघन व लिन यांनीं घटकांचे दोन गट करून, जोड्यांची अदलाबदल करीत, गटांमधील तारा कमी करण्याची रीत दिली. १९८२ सालीं फिडुचिया व मॅथेसीस यांनीं एकेक घटक हलवून तेंच काम पुष्कळ शीघ्र केलें. १९८३ सालीं कर्कपॅट्रिक, गेलाट व वेकी यांनीं तापलेला धातु सावकाश निवविण्याच्या क्रियेवरून नवी रीत बसविली: आरंभीं तोट्याचे फेरबदलहि कधीं कधीं पत्करावे, पुढें ते विरळ करीत जावे.

या रीतींचें मुख्य लक्ष नव्या मांडणीकडे होतें. परंतु काम संपत आल्यावर एखादा संकेत उशिरां पोहोंचतो असें आढळतें, व वाटेंत नवा घटक घालावा लागतो. सारें पुन्हां मांडावें, तर सुधारलेल्या वाटा बिघडण्याचें भय. म्हणून नवा घटक योग्य जागेजवळ बसवून शेजाऱ्यांस अवश्य तेवढेंच सरकविण्याची रीत पुढें आली. २००० सालीं काँग व सराफझादे यांनीं या प्रश्नाचा स्वतंत्र ऊहापोह केला. दूरदर्शी आंखणीकार कांहीं राखीव घटक आधींच पेरून ठेवतात. चिप तयार झाल्यावर दोष निघाला, तर तारांचे थर तेवढे बदलून भागतें. खालच्या थरांचे महागडे साचे वांचतात.

पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत आंखलेला ‘अजित’ हा प्रक्रियक २०१९ सालीं जाहीर झाला. हें काम आतां आपल्या दाराशीं आलें आहे. तें शिकणारांनीं उत्तम मांडणी शोधण्याइतकेंच, चांगली मांडणी न बिघडवितां बदलण्याचेंहि शास्त्र आत्मसात् करावें, असें आम्हांस वाटतें.