कडेचे प्यादे, मधले उत्तर

वजिराकडच्या घोड्यापुढचे प्यादे एकच घर सरकवून कोणी डाव मांडला, की नवखा गडबडतो. जुन्या देशी बुद्धिबळात मात्र यात नवल नव्हते. तिथे प्यादे सहसा एकच घर चाले, राजाला एकदा घोड्याची उडी मिळे. कडेचे प्यादे उचलून उंटाला तिरकी वाट करून देणे ओघानेच येई.

१८१४ साली मुंबईत त्रेवंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळावरील मूळ संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर छापले गेले. ‘युरोपीय खेळपद्धतीला अनुसरून’ हे त्याच्या लांबलचक शीर्षकातच नोंदवले होते. पटावर नियमांची अदलाबदल चालू होती, ती अशी.

युरोपीय नियमांत दोन घरे चालण्याची मुभा मिळालेल्या प्याद्याने कडेच्या चालीला उत्तर दिले: सरळ मध्य गाठायचा.

बेलग्रेड, १९७०. सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग. पहिल्या पटावर डेन्मार्कच्या बेंट लार्सनने तेच घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवले. जगज्जेत्या बोरिस स्पास्कीने राजापुढचे प्यादे दोन घरे रेटले आणि चौथ्या चालीला आणखी एक. लार्सनचा घोडा हुसकला गेला; तो नाचत राहिला तोवर काळ्याची मोहरी बाहेर पडली. चौदाव्या चालीला स्पास्कीने हत्ती थेट पांढऱ्याच्या कोपऱ्यात नेऊन फुकट दिला. लार्सनने तो मारला, आणि काळे प्यादे वजीर होण्याच्या उंबरठ्यावर येऊन थांबले.

डाव १७ चालींत आटोपला. तरी लार्सनने ही सुरुवात सोडली नाही. आज ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.