फंक्शनच्या परतमूल्याची तपासणी : एका जबाबदारीचा इतिहास

प्रस्तावना :
संगणक आज्ञावलीतील फंक्शन काम संपल्यावर बहुधा एक मूल्य परत करते. काम झाले की फसले, हे अनेकदा या परतमूल्यावरूनच कळते. ते केव्हा तपासावे, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. परंतु तपासणीची जबाबदारी कोणाची, हा त्याचा गाभा असल्याचे गेल्या पाच दशकांच्या इतिहासावरून दिसते.

सी भाषेचा वारसा :
१९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी भाषा घडविली. युनिक्स प्रणालीत अपयश कळविण्यासाठी उणे १ हे मूल्य परत करण्याचा आणि त्याचे कारण 'एर्नो' या चलात ठेवण्याचा संकेत रूढ झाला. ते मूल्य वाचण्याची सक्ती मात्र भाषेने केली नाही. त्याच दशकात स्टीफन जॉन्सन यांचे 'लिंट' हे साधन दुर्लक्षित मूल्ये दाखवू लागले. तरी त्याची सूचना मानणे आज्ञावलीकाराच्याच मर्जीवर राहिले.

दुर्लक्षाचे परिणाम :
'सेटयूआयडी' या फंक्शनद्वारे आज्ञावली सर्वाधिकार सोडून सामान्य वापरकर्त्याच्या मर्यादेत येते. सर्वाधिकार असताना ते फसणारच नाही, असे गृहीत धरले जाई. परंतु लिनक्सच्या काही आवृत्त्यांत वापरकर्त्याच्या प्रक्रियांची मर्यादा ओलांडली गेल्यास ते फसू शकत असे. 'व्हिक्सी क्रॉन' या आज्ञावलीत हे परतमूल्य तपासलेले नव्हते. त्यामुळे सामान्य वापरकर्त्याला सर्वाधिकार मिळण्याचा धोका असल्याचे २००६ मध्ये उघड झाले. पुढे २०११ मधील लिनक्स ३.१ पासून अपयशाचे हे कारणच दूर करण्यात आले.

अपुरी तपासणीही तितकीच घातक ठरते. 'ओपनएसएसएल'मधील स्वाक्षरी पडताळणीचे फंक्शन स्वाक्षरी योग्य असल्यास १, अयोग्य असल्यास ० आणि अन्य त्रुटी आल्यास उणे १ परत करते. काही ठिकाणी केवळ ० म्हणजे अपयश मानल्याने उणे १ हेही यश ठरत होते. जानेवारी २००९ मध्ये ही चूक दुरुस्त झाली. तेथे मूल्य वाचले गेले होते, पण त्याचा अर्थ पूर्णपणे लावला गेला नव्हता.

भाषांनी उचललेला भार :
१९९० च्या दशकात आलेल्या जावाने काही प्रकारच्या अपवादांची दखल घेणे बंधनकारक केले. रस्ट भाषेची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ मध्ये आली; तीत यशापयश सांगणारे मूल्य वापरले नाही, तर कंपायलर इशारा देतो. सी++ मध्येही २०१७ च्या मानकाने असा इशारा मागण्याची सोय केली.

निष्कर्ष :
पडद्यावर मजकूर छापणाऱ्या 'प्रिंटएफ'चे परतमूल्य सहसा सोडून देता येते. जेथे पुढील पाऊल मागील कामाच्या यशावर उभे असते, तेथे मात्र प्रत्येक संभाव्य मूल्य तपासणे अपरिहार्य होय. अधिकारत्याग व स्वाक्षरी पडताळणी ही त्याची ठळक उदाहरणे. भाषा आज तपासणीचे स्मरण करून देतात. अपयशानंतर काय करावे, हा निर्णय अद्याप आज्ञावलीकाराचाच आहे.