मातीच्या फुलांची घडणावळ



आपल्याकडे दागिन्यांत फुलं काय कमी आहेत? बकुळीहार आहे, कर्णफुलं आहेत, अंबाड्यात खोवायचं सोन्याचं फूल आहे. सोनाराकडून असं फूल करून घेतलं, की हिशेबाच्या चिठ्ठीवर दोन आकडे येतात. एक सोन्याच्या वजनाचा, दुसरा घडणावळीचा. हा घडणावळ शब्द आज ध्यानात ठेवा. आज आम्ही ज्या दागिन्यांचा इतिहास सांगणार आहोत, त्यांत वजनाला जवळजवळ काहीच किंमत नाही. जे मोल आहे ते घडणावळीचंच आहे.

हे दागिने म्हणजे पॉलिमर क्लेचे. जास्वंदीचे झुमके, चाफ्याचं पदक, सूर्यफुलाची अंगठी तुम्ही प्रदर्शनात पाहिली असेल. नावात क्ले म्हणजे माती असली, तरी कुंभाराची माती त्यात चिमूटभरही नसते. पीव्हीसी नावाच्या प्लॅस्टिकची बारीक भुकटी आणि तिला मऊ ठेवणारं द्रव्य, एवढंच मिश्रण. भाजलं की भुकटीचे कण एकमेकांत मिसळून घट्ट होतात.

ही माती दागिन्यांसाठी जन्मालाच आली नव्हती. तिची गोष्ट जर्मनीत, एका बाहुल्या करणाऱ्या बाईच्या घरी सुरू होते. तिचं नाव केटे क्रूझे. १९०५ साली मुलीला बाहुली हवी होती. नवरा शिल्पकार. बाजारातल्या बाहुल्या त्याला पसंत नव्हत्या. तूच एखादी कर, असं त्याने सुचवलं. केटेने टॉवेलात वाळू भरली, डोक्याच्या जागी बटाटा बांधला आणि बाहुली केली. त्यातूनच पुढे तिचा कारखाना उभा राहिला आणि तिच्या बाहुल्यांना जगभर नाव मिळालं.

१९३९ साली प्लॅस्टिकचं एक नवं मिश्रण तिच्याकडे आलं. बाहुल्यांच्या कामाला ते चाललं नाही. तिने ते मुलीला, सोफीला दिलं. घरात सोफीला फिफी म्हणत. फिफी त्या मिश्रणावर प्रयोग करत राहिली आणि १९५४ साली तिने ते मुलांच्या कामट्यासारखं, आकार करून खेळायचं साहित्य म्हणून बाजारात आणलं. १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर या पेन्सिली करणाऱ्या कंपनीने तिच्याकडून हक्क घेतले आणि दोन वर्षांनी ते फिमो या नावाने विकायला काढलं. आजही दुकानात फिमो मिळतं. त्या नावातला ‘फि’ म्हणजे आपली फिफीच.

म्हणजे कारखान्याने नाकारलेली वस्तू एका मुलीने खेळण्यात आणली. खेळण्याचा दागिना केला तो पुढच्या पिढीतल्या बायकांनी. अमेरिकेत १९७० आणि ८०च्या दशकांत कॅथलीन डस्टिन, पियर व्हॉल्कोस अशा कलावतींनी या मातीचे मणी आणि माळा करायला घेतल्या. त्यांनी उचललं ते तंत्र मात्र फार जुनं, काचकाम करणाऱ्यांचं. इटालियन भाषेत त्याला मिलेफिओरी म्हणतात, म्हणजे हजार फुलं. प्राचीन रोमी कारागिरांना ते ठाऊक होतं, आणि व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर एकोणिसाव्या शतकात ते पुन्हा बहरलं.

हे तंत्र समजायला इटलीला जायला नको, अळूवडीचा उंडा आठवा. उंडा कुठेही कापा, प्रत्येक चकतीत तेच वेटोळं दिसतं. इथेही तसंच. मधोमध पिवळ्या मातीची कांडी, भोवती पाकळ्यांच्या पाच कांड्या, फटींत दुसरा रंग भरायचा आणि सगळं दाबून एक जाड दांडा करायचा. तो हळूहळू ओढून, वळून बारीक केला, की आतलं फूलही त्याच प्रमाणात लहान होतं. मग पात्याने चकत्या कापायच्या. प्रत्येक चकतीवर एक फूल.

हे ज्ञान कुलूपबंद राहिलं नाही. १९९१ साली नॅन रोश यांचं ‘द न्यू क्ले’ हे पुस्तक आलं आणि ज्या गोष्टी कलावंत एकमेकींकडून शिकत होत्या, त्या कुणालाही घरी बसून शिकता येऊ लागल्या. २०११ साली अमेरिकेतल्या रसीन कलासंग्रहालयाने पॉलिमरच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. पोरांचा खेळ संग्रहालयात जाऊन बसला.

आमच्या गटात आम्ही हेच काम करतो. जास्वंदीच्या एका फुलाला पाच पाकळ्या, म्हणजे जोडीला दहा. प्रत्येक पाकळी वेगळी थापायची, सुईने शिरा ओढायच्या, कडा दुमडायची, मधला तुरा लावायचा. मग पाकिटावर लिहिलेल्या आचेवर, बहुधा ११० ते १३० अंश सेल्सिअसवर, भाजायचं. आच वाढून माती जळली तर घशाला झोंबणारा विषारी धूर निघतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवायच्या. या कामाची लाटणी-ताटं पुन्हा स्वयंपाकाला वापरायची नाहीत. आणि हे प्लॅस्टिक आहे, मातीत मिसळून जाणारं नाही, हे गिऱ्हाइकाला सांगायचं.

एवढं करून किंमत सांगितली, की ठरलेलं वाक्य ऐकू येतं, ‘माती तर आहे, एवढे पैसे कशाचे?’ वाईट याचं वाटतं, की आपल्यातल्याच कितीजणी हे ऐकून लगेच भाव पाडतात. ‘दुपारचा वेळ जातो हो,’ असं वर स्वतःच म्हणतात. सोनार कधी म्हणतो का, माझा वेळ जातो म्हणून?

मैत्रिणींनो, ही माती बाहुलीच्या कारखान्यात निरुपयोगी ठरली होती. तिला मोल आलं ते बायकांनी तिच्यावर घालवलेल्या तासांमुळे. तेव्हा पुढच्या वेळी किंमत ठरवताना वहीत दोन ओळी लिहा. पहिल्या ओळीत मातीचा, हुकांचा, विजेचा खर्च. दुसऱ्या ओळीत आपले तास आणि तासाची मजुरी. त्या ओळीला नाव द्या घडणावळ, आणि कुणी विचारलं तर तोच शब्द सांगा. तो आपल्या गिऱ्हाइकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, सोनाराला ते तो रोज देतात.